पडद्याचा पहारेकरी पडद्यावर

जानेवारी १९५२मध्ये व्हित्तोरिओ दे सीका यांचा 'उंबेर्तो दी' हा चित्रपट इटलीत प्रदर्शित झाला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला एक म्हातारा, पुरं न पडणारं पेन्शन, थकलेलं खोलीभाडं आणि सोबतीला फ्लाइक नावाचा कुत्रा, एवढीच त्याची गोष्ट. म्हाताऱ्याच्या भूमिकेत कुणी व्यावसायिक नट नव्हता; कार्लो बात्तिस्ती हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. चित्रपटाला प्रेक्षक मिळाले नाहीत. पण पुढच्याच महिन्यात 'लिबेर्तास' या साप्ताहिकात दे सीका यांना उद्देशून एक खुलं पत्र छापून आलं. पत्र लिहिणारा समीक्षक नव्हता. पंतप्रधान आल्चीदे दे गास्पेरी यांच्या कार्यालयात चित्रपट आणि नाटक यांचा कारभार पाहणारे तेहेतीस वर्षांचे उपमंत्री जूलिओ आंद्रेओत्ती यांनी ते लिहिलं होतं.

पत्राचा सूर सौम्य होता, आशय मात्र कडक. हीच आजची इटली, असा जगाचा समज झाला तर दे सीका यांनी मायभूमीची फार वाईट सेवा केली असं म्हणावं लागेल. हा देश डॉन बॉस्कोचाही आहे, क्षयरोगाशी झुंजणाऱ्या फोर्लानीनींचाही आहे, पुरोगामी सामाजिक कायद्यांचाही आहे. कलावंताने थोडी निरोगी आशा दाखवावी, असं त्यांचं म्हणणं. घरातलं मळकं घरातच धुवावं, हे वाक्य तेव्हापासून त्यांच्या नावाला चिकटलं.

छप्पन्न वर्षांनी, मे २००८मध्ये, कान महोत्सवात एका इटालियन चित्रपटाला ज्युरी पुरस्कार मिळाला. पाओलो सोरेंतीनो यांचा 'इल दीवो'. त्याचा विषय होता खुद्द जूलिओ आंद्रेओत्ती. ते तेव्हा ८९ वर्षांचे होते, हयात होते आणि तहहयात सिनेटर म्हणून संसदेत बसत होते. या दोन तारखांच्या मधला बराचसा काळ म्हणजे इटलीच्या पहिल्या प्रजासत्ताकाचा, युद्धानंतर उभ्या राहिलेल्या राजकीय व्यवस्थेचा, इतिहास. देशाची अब्रू कशाने राखली जाते, या प्रश्नाचं उत्तरही त्याच काळात शोधावं लागतं.

आंद्रेओत्तींचा जन्म १४ जानेवारी १९१९चा, रोममधला. वडील लहानपणीच वारले. कायद्याचं शिक्षण घेत असताना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात त्यांची गाठ दे गास्पेरींशी पडली. मुसोलिनीच्या राजवटीत राजकारणातून बाहेर फेकले गेलेले दे गास्पेरी तिथे नोकरी करत होते. युद्ध संपलं, ख्रिस्ती लोकशाही पक्ष उभा राहिला आणि १९४७मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आंद्रेओत्ती उपमंत्री झाले. गुरू-शिष्यांच्या नात्याबद्दल पत्रकार इंद्रो मोंतानेल्ली यांनी म्हटलं होतं की दोघं बरोबर चर्चमध्ये जायचे, पण दे गास्पेरी देवाशी बोलायचे आणि आंद्रेओत्ती पाद्र्याशी. पाद्री मतं देतात, देव देत नाही, हे आंद्रेओत्तींचं म्हणून सांगितलं जाणारं उत्तर. त्या पक्षाची पाळंमुळं धर्मप्रांताप्रांतांत कशी रुजली होती, हे या उत्तरात येतं.

चित्रपटाच्या बाबतीत त्यांचं काम नुसतं बंधनं घालण्याचं नव्हतं. युद्धानंतर रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत निर्वासितांची छावणी होती आणि थिएटरं अमेरिकन चित्रपटांनी भरलेली होती. फेब्रुवारी १९४९मध्ये चित्रपट कलावंत आणि कामगार देशी चित्रपटांना संरक्षण मागत रोमच्या पिआझ्झा देल पोपोलोत जमले. आन्ना मान्यानी आणि दे सीका त्यांत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'आंद्रेओत्ती कायदा' आला. थिएटरांनी वर्षातले ठरावीक दिवस देशी चित्रपट दाखवायचे आणि निर्मात्यांना सरकारी कर्ज व अनुदान मिळायचं. उद्योग सावरला. पण कर्जासाठी पटकथा आधी सरकारी समितीपुढे ठेवावी लागे आणि देशाची बदनामी होते असं वाटलं तर चित्रपटाला परदेशी जाण्याचा परवाना नाकारता येई. कात्री न लावताही चित्रपट बदलता येतो, कारण पैसा कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्याला कात्रीची गरज उरत नाही. तरुण उपमंत्र्याला हे नेमकं समजलं होतं.

भीती मात्र खोटी ठरली. त्याच जानेवारी १९५२मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला होता. दे सीका यांचा 'बायसिकल थीव्हज' आणि रोस्सेल्लीनींचा 'रोम, ओपन सिटी' तिथे दाखवले गेले. सायकल चोरीला गेलेल्या त्या बापाला पाहून मुंबईतल्या कुणी इटलीला हिणवलं नाही. बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' केला आणि आपला शेतकरी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढताना दाखवला. जो देश आपल्या गरिबाकडे इतक्या मायेने पाहतो, त्याच्याबद्दल जगाचा आदर वाढतो. इटलीची खरी बदनामी पुढे झाली आणि ती चित्रपटांनी केली नव्हती.

१९४७ ते १९९२ या पंचेचाळीस वर्षांत आंद्रेओत्ती सत्तेच्या केंद्रापासून फारसे दूर गेले नाहीत. १९५९ ते १९६६ संरक्षणमंत्री, १९८३ ते १९८९ परराष्ट्रमंत्री आणि सात वेळा पंतप्रधान. सरकारं वर्ष-दीड वर्षात पडायची, माणसं तीच राहायची. पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष इटलीत होता. शीतयुद्धात त्याला सरकारबाहेर ठेवायचं, या एका गरजेवर ख्रिस्ती लोकशाही पक्ष टिकून होता. पर्यायच नसलेल्या लोकशाहीत सत्ता बदलत नाही, नुसती खुर्च्यांची अदलाबदल होते. सत्ता थकवते ती सत्ता नसलेल्याला, हे आंद्रेओत्तींचं आवडतं वचन त्या काळाचं अचूक वर्णन होतं.

१९७६च्या निवडणुकीत कम्युनिस्टांना ३४ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, तेव्हा ही रचना हलली. ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे अध्यक्ष आल्दो मोरो यांनी कम्युनिस्ट नेते एन्रीको बेर्लिंग्वेर यांच्याशी समझोत्याची वाट काढली. १६ मार्च १९७८ रोजी आंद्रेओत्तींचं नवं मंत्रिमंडळ कम्युनिस्टांच्या पाठिंब्यासह संसदेपुढे विश्वासमत मागणार होतं. त्या सकाळी रोमच्या व्हिया फानी रस्त्यावर रेड ब्रिगेड या अतिडाव्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी मोरो यांच्या गाड्या अडवल्या, पाच अंगरक्षकांना ठार मारलं आणि मोरो यांना पळवून नेलं.

पुढचे पंचावन्न दिवस इटली अजून विसरलेली नाही. सरकारने ठरवलं की अतिरेक्यांशी बोलणी नाहीत. कम्युनिस्टही या भूमिकेमागे उभे राहिले. कोठडीतून मोरो यांची पत्रं येत राहिली: बायकोला, पक्षातल्या मित्रांना, पोपना. सुरुवातीला विनवणी होती, मग युक्तिवाद, शेवटी कडवट निरोप. आंद्रेओत्तींबद्दल त्यांनी लिहिलेला मजकूर तर थंड, दयामाया नसलेल्या माणसाचं चित्र उभं करणारा आहे. पक्षाने सांगितलं, ही पत्रं दबावाखाली लिहिलेली आहेत, त्यांत मोरो बोलत नाहीत. ९ मे १९७८ रोजी व्हिया काएतानीमध्ये लाल रंगाच्या रेनॉ गाडीत मोरो यांचा मृतदेह सापडला. तिथून ख्रिस्ती लोकशाही पक्षाचं कार्यालयही जवळ आणि कम्युनिस्टांचंही. कुटुंबाने सरकारी अंत्यसंस्कार नाकारले. १३ मे रोजी सान जोव्हान्नी चर्चमध्ये पोप पॉल सहावे यांच्या उपस्थितीत प्रार्थनासभा झाली, देशाचे सगळे नेते हजर होते. पण तिथे शवपेटी नव्हती.

बोलणी न करण्याच्या निर्णयामागे तत्त्व होतं, हे मान्य करायला हवं. ज्याचे पाच पोलीस मारले गेले त्या राज्याला गुडघे टेकणं सोपं नव्हतं. तरीही जिवंत माणसाच्या हस्ताक्षरातला शब्द त्याचा नाही असं जाहीर करणं, हा त्या दिवसांतला सगळ्यात क्रूर भाग होता. त्याची सल इटालियन समाजात खोलवर राहिली.

आणि मग मृत्यूंची रांग लागली. २० मार्च १९७९ रोजी 'ओपी' हे गौप्यस्फोट करणारं नियतकालिक चालवणारे पत्रकार मीनो पेकोरेल्ली रोममध्ये गोळ्या घालून मारले गेले. त्याच वर्षी ११ जुलैला मिलानमध्ये वकील जोर्जो आम्ब्रोसोली यांची हत्या झाली. बँकर मिकेले सिंदोना यांच्या बुडालेल्या बँकेचा हिशेब लावण्याचं काम त्यांच्याकडे होतं. याच सिंदोनांना आंद्रेओत्तींनी एकदा लिराचा तारणहार म्हटलं होतं. जून १९८२मध्ये बँकर रोबेर्तो काल्व्ही लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेले सापडले. ३ सप्टेंबर १९८२ला पालेर्मोचे प्रीफेक्ट, जनरल दाल्ला किएझा यांना माफियाने पत्नीसह मारलं. मार्च १९८६मध्ये आम्ब्रोसोलींच्या खुनाबद्दल जन्मठेप झालेले सिंदोना तुरुंगात सायनाइड मिसळलेली कॉफी पिऊन मेले. यातल्या कित्येकांच्या गोष्टीत कुठेतरी आंद्रेओत्तींचं नाव यायचं. ते शांतपणे नाकारायचे, एखादं चटपटीत वाक्य टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे प्रार्थनेला जायचे.

पडद्याची ताकद त्यांना चांगली ठाऊक होती. १९८३च्या 'इल तास्सिनारो'मध्ये आल्बेर्तो सोर्दी टॅक्सीवाला झाले होते, आणि त्यांच्या टॅक्सीत बसलेला एक उतारू होता आंद्रेओत्ती, स्वतःच्याच भूमिकेत. सामान्य रोमकराशी गप्पा मारणारा हजरजबाबी पुढारी, ही प्रतिमा त्यांनी जपली. लोक त्यांना 'दीवो जूलिओ' म्हणत, सम्राटपद नसतानाही देवत्व मिळालेल्या जूलियस सीझरची आठवण म्हणून. तेच लोक त्यांना 'बेल्झेबू' म्हणजे सैतानही म्हणत.

१९९२ साली सगळं कोसळलं. जानेवारीअखेर सर्वोच्च न्यायालयाने पालेर्मोच्या महाखटल्यातल्या माफियांच्या शिक्षा कायम केल्या. फेब्रुवारीत मिलानमध्ये मारिओ किएझा हा राजकीय पुढारी लाच घेताना पकडला गेला आणि 'स्वच्छ हात' ही भ्रष्टाचाराची चौकशी सुरू झाली. १२ मार्चला पालेर्मोजवळच्या मोंदेल्लोत साल्वो लीमा यांना गोळ्या घातल्या गेल्या. लीमा पालेर्मोचे माजी महापौर आणि सिसिलीतला आंद्रेओत्तींचा उजवा हात. शिक्षा टळल्या नाहीत म्हणून माफियाने हिशेब चुकता केला होता. मे महिन्यात राष्ट्राध्यक्षाची निवड अडून राहिली होती आणि आंद्रेओत्तींना त्या पदाची आशा होती. २३ मे रोजी कापाची इथे महामार्गाखाली पेरलेल्या स्फोटकांनी माफियाविरोधी न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक मारले गेले. दोन दिवसांत संसदेने ओस्कार लुइजी स्काल्फारो यांना निवडलं. जुलैत फाल्कोनेंचे सहकारी पाओलो बोर्सेल्लीनोही बॉम्बस्फोटात गेले. जानेवारी १९९४मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलेला ख्रिस्ती लोकशाही पक्षच विसर्जित झाला.

मे १९९३मध्ये सिनेटने आंद्रेओत्तींवर खटला चालवायला परवानगी दिली. सप्टेंबर १९९५मध्ये पालेर्मोत सुनावणी सुरू झाली. आरोप होता माफियाशी संगनमताचा. माफियाप्रमुख तोतो रीना आणि आंद्रेओत्ती यांनी एकमेकांचं चुंबन घेऊन अभिवादन केल्याचं बाल्दास्सारे दी माज्जो या माफीच्या साक्षीदाराने सांगितलं आणि जगभर त्याच्याच बातम्या झाल्या. ते चुंबन कधीच सिद्ध झालं नाही. १९९९मध्ये आंद्रेओत्ती निर्दोष सुटले. मे २००३मध्ये अपील न्यायालयाने निकाल बदलला: १९८०च्या वसंतापर्यंत माफियाशी त्यांचे खरोखरीचे संबंध होते, पण मुदत उलटल्यामुळे त्या गुन्ह्याबद्दल आता शिक्षा होऊ शकत नाही, त्यानंतरच्या काळाबद्दल ते निर्दोष. ६ जानेवारी १९८०ला मारले गेलेले सिसिलीचे प्रांताध्यक्ष पिएर्सांती मात्तारेल्ला यांच्या संदर्भात माफियाप्रमुख स्तेफानो बोंताते याच्याशी झालेल्या भेटीही त्या न्यायालयाने ग्राह्य धरल्या. आंद्रेओत्तींनी त्या अखेरपर्यंत नाकारल्या. ऑक्टोबर २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. पेकोरेल्ली खुनाच्या वेगळ्या खटल्यात आधी सुटका, मग २००२मध्ये चोवीस वर्षांची शिक्षा आणि २००३मध्ये ती शिक्षाच रद्द, असा प्रवास झाला.

बहुतेकांच्या लक्षात फक्त 'सुटले' एवढंच राहिलं. निकालपत्राची पानं कोण वाचणार? सोरेंतीनो यांच्या चित्रपटाचं काम इथून सुरू होतं.

१९७०मध्ये नेपल्समध्ये जन्मलेल्या सोरेंतीनो यांना इटलीच्या राजकीय चित्रपटांचा भक्कम वारसा होता. फ्रांचेस्को रोसी यांनी 'साल्वातोरे जुलिआनो' आणि 'मात्तेई प्रकरण' यांत तपासाची, कागदपत्रांची शैली घडवली होती. सोरेंतीनो वेगळ्या वाटेने गेले. 'इल दीवो' उघडतो तो अर्धशिशीवर उपाय म्हणून कपाळभर अॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेतलेल्या आंद्रेओत्तींच्या चेहऱ्यावर. मग धडधडत्या संगीतावर खून एकामागून एक येतात: काल्व्ही, सिंदोना, पेकोरेल्ली, आम्ब्रोसोली, फाल्कोने. प्रत्येकाचं नाव लाल अक्षरांत, कधी तिरकं, कधी फिरत पडद्यावर उमटतं. आंद्रेओत्तींच्या गटातले मंत्री, कार्डिनल, व्यापारी गाड्यांतून उतरतात ते टोळीयुद्धाच्या चित्रपटातल्या थाटात. संसदेच्या गुळगुळीत फरशीवरून एक मंत्री घसरत जातो. सरकारी दालनात एक पांढरी मांजर पंतप्रधानांकडे रोखून बघत राहते.

आणि या सगळ्या झगमगाटाच्या मधोमध तोनी सेर्वील्लो यांचा आंद्रेओत्ती: खाली दुमडलेले कान, आखडलेली मान, छातीशी जोडलेले हात, धड न हलवता चालणं, आवाजात चढउतार नाही. या रूपाला रंगभूषेचं ऑस्कर नामांकनही मिळालं. भोवतीचं जग वेगाने फिरतं आणि हा माणूस स्थिर राहतो, या विरोधातूनच सत्तेचं स्वरूप उमगतं.

ही शैली दिखाऊ आहे, असा आक्षेप घेतला गेला. मला ती अपरिहार्य वाटते. दे सीका यांना गरिबी दाखवायची होती, आणि गरिबी डोळ्यांना दिसते: रिकामी ताटली, फाटका कोट, घरमालकिणीचा चेहरा. तिथे कॅमेरा शांतपणे उभा करणं पुरेसं होतं. सत्ता मात्र दिसत नाही. बंद दाराआडची भेट, न लिहिलेला आदेश, मुद्दाम न विचारलेला प्रश्न यांचं छायाचित्र निघत नाही. आंद्रेओत्तींचं अख्खं आयुष्य काहीही न दाखवण्यावर उभं होतं. अशा माणसाकडे साध्या वास्तववादी नजरेने पाहिलं तर त्याने स्वतः तयार केलेली प्रतिमाच हाती लागते. ती फोडायला अतिशयोक्ती, संगीत, स्वप्न लागतं.

चित्रपटाचा सगळ्यात धाडसी प्रसंग असाच आहे. आंद्रेओत्ती एकटे कॅमेऱ्यासमोर बसून पत्नी लिव्हियाला उद्देशून कबुली देतात. बॉम्बस्फोटांची, बळींची जबाबदारी घेतात आणि चांगलं टिकावं म्हणून वाईट करावं लागतं, असं आवाज चढवत सांगतात. ही कबुली प्रत्यक्षात कधीच दिली गेली नाही आणि पुरावा म्हणून ती कुणी वापरू नये. पडद्याबाहेरच्या आंद्रेओत्तींनी आयुष्यभर जे बोलायचं टाळलं, ते बोललं गेलं असतं तर कसं ऐकू आलं असतं, एवढंच ती दाखवते. पण तिथेच थांबलं तर चित्रपट फसवा झाला असता. म्हणून त्यात दुसराही प्रसंग आहे: बदनामीच्या त्या दिवसांत नवराबायको दूरदर्शनसमोर गाणं ऐकत हात हातात घेऊन बसतात आणि लिव्हिया नवऱ्याकडे बघत राहते. इतकी वर्षं आपण कुणाबरोबर काढली, हा तिचा प्रश्न इटलीचाही आहे. आंद्रेओत्तींचा पक्ष आकाशातून पडला नव्हता. लाखो लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षं त्याला मतं दिली होती.

आंद्रेओत्तींनी चित्रपट पाहिला आणि ती बदमाशी असल्याचं म्हटलं. पण पटकथा तपासणारी समिती आता त्यांच्या हाताखाली नव्हती. संसदेत बसलेल्या, खटल्यांतून सुटलेल्या, जिवंत माणसावर असा चित्रपट निघू शकला आणि तो जगभर गेला, ही गोष्ट इटलीच्या प्रतिष्ठेत भर घालणारी आहे. इतर कित्येक लोकशाही देशांना ती अजून जमलेली नाही.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१०मध्ये, एका दूरचित्रवाणी मुलाखतीत आंद्रेओत्तींना विचारलं गेलं, आम्ब्रोसोली का मारले गेले? उत्तर आलं की त्या माणसाने ते स्वतःच ओढवून घेतलं. देशभर संताप उसळला आणि आपल्या बोलण्याचा वेगळा अर्थ काढला गेला, असा खुलासा त्यांना करावा लागला. १९७९मध्ये आम्ब्रोसोलींच्या अंत्ययात्रेला सरकारचा एकही प्रतिनिधी आला नव्हता आणि तेव्हा त्याबद्दल असा गदारोळ झाला नव्हता. एकतीस वर्षांनी लोकांना कळत होतं की कुणाबद्दल काय बोललं जातंय. हा बदल एका चित्रपटाने घडवला नाही. कुटुंबीयांनी, न्यायाधीशांनी, पत्रकारांनी चिवटपणे ती नावं जागती ठेवली, आणि चित्रपटाने ती मोठ्या अक्षरांत पुढच्या पिढीपुढे धरली.

६ मे २०१३ रोजी आंद्रेओत्ती वारले. कित्येक प्रश्न त्यांच्याबरोबर गेले आणि न्यायालयं आता त्यांची उत्तरं देणार नाहीत. अशा वेळी नागरिकांकडे दोन गोष्टी उरतात: निकालपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचणं आणि कलावंताला विचारू देणं. पहिलीशिवाय दुसरी अफवा बनते; दुसरीशिवाय पहिली कपाटात पडून राहते. आपलं राज्य कुणी आणि कसं चालवलं हे ज्यांना जाणून घ्यायचं आहे, त्यांनी दोन्ही करायला हवं.